दोन पात्यांची होडी

सालईखेडा, होडीवरून
रविवार, १ जून

चि. वर्षाली,

सप्रेम जयभीम. पत्र बघून दचकू नकोस, आम्ही दोघंही जिवंत आहोत. आपल्या घरात पत्र म्हणजे एकतर कोर्टाचं नाहीतर मयतीचं, म्हणून ही बातमी पहिल्याच ओळीत घातली.

विवेकच्या हाती तू पाठवलेली पिशवी पोचली. ओआरएसची पाकिटं, पायाला लावायचं मलम, सुती पट्ट्या, आणि तळाशी तुझी चिठ्ठी. 'आई, मी काही बोलणार नाही. कसं झालं तेवढं कळवा.' दहा महिन्यांनी तुझं अक्षर पाहिलं. चिठ्ठी मी तांदळाच्या डब्यात ठेवली आहे, त्यामुळे रोज तांदूळ काढताना वाचली जाते. आज आठवा दिवस. आज लिहायला बसले.

आधी खुशाली. बाबांच्या पिंडऱ्यांची सालटं निघाली होती तिथे आता गुलाबी कातडी धरली आहे. मलम दोन वेळा लावते. जेवण बरं, म्हणजे घास समोर धरला तर खातात. झोप तुटक. बोलणं फार कमी झालं आहे. पंधरा-वीस शब्द उरले असतील, त्यातले 'डबा' आणि 'ड्यूटी' हे दोन सारखे तोंडात असतात. गाठ मारणं संक्रांतीपासून गेलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी मला सात प्रकारच्या गाठी शिकवणारा माणूस हा, आता पायजम्याची नाडी दोन हातांत धरून माझ्याकडे बघत उभा राहतो. मी बांधून देते. पहिल्या दिवशी रडले होते, आता भाजी निवडावी तसं ते काम झालं आहे.

माझं ठीक आहे. कंबर धरते. झोपेचं विचारू नकोस.

होडी सध्या जमिनीवर उभी आहे. बुडाली वगैरे समजू नकोस, ती तशीच बनवलेली आहे. तू ती आतून कधी पाहिलीच नाहीस. विवेकसोबत एकदा काठापर्यंत आली होतीस, पण तेव्हा मीच तुला वर बोलावलं नाही. म्हणून जरा सांगते, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही.

धरण दिवाळीत काठोकाठ असतं. मग कालव्यात पाणी सोडत सोडत मे महिन्यात ते निम्म्याच्या खाली जातं आणि पावसाळ्यात पुन्हा चढतं. बाबा म्हणायचे, रत्नागिरीच्या खाडीत भरती-ओहोटी दिवसातून दोनदा, आपल्याकडे वर्षातून एकदा. रत्नागिरीला त्यांची चार वर्षं बदली होती. आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवायला गेले आणि स्वतः होड्या शिकून परत आले. ओहोटीला तिथल्या होड्या चिखलात एका कुशीवर पडायच्या, ते त्यांना कधीच पटलं नाही. घर कलंडलं तर वरण सांडेल, हे त्यांचं म्हणणं. निवृत्तीनंतर त्यांनी अकरा नकाशे काढले. पहिल्या नकाशात बुडाखाली मधोमध एकच खोल पातं होतं, त्याने होडी वाऱ्यात दिशा छान धरते पण पाणी उतरलं की आडवी होते. अकराव्यात दोन्ही अंगांना फूट-फूट उंचीचं एकेक पातं आलं. अशी होडी जरा आळशी चालते. पण पाणी गेलं की दोन पात्यांवर बाजेसारखी सरळ उभी राहते, आणि पाणी आलं की आपली आपण उचलली जाते. वीस फूट लांब, साडेसात फूट रुंद. एक चौकोनी शीड, आणि एकट्या माणसाला आडवी पाडता येईल अशी डोलकाठी.

इथले मच्छीवाले हसायचे. जंगू मडावी तर तोंडावर विचारायचा, "मास्तर, हा डोंगा हाय का खाटलं हाय?" बाबांनी त्याचे आणि त्याच्या सोसायटीतल्या सगळ्यांचे डोंगे फुकट दुरुस्त करून दिले, तेव्हा हसणं थांबलं आणि आम्हाला पाण्यावर राहायला कोणी आडकाठी केली नाही.

आत सगळं हाताच्या अंतरावर आहे. बसल्या जागेवरून चूल, झोपल्या जागेवरून दिवा. प्रत्येक वस्तूला फळीत कोरलेली तिची तिची खाच आहे, चिमट्यालासुद्धा. टपावर दोन सौर पत्रे आणि अर्ध्या कापलेल्या कॅनांमध्ये मेथी-पालक. पावसात शीड टपावर पसरायचं, मध्ये खोलगट ठेवायचं, आणि नळीने पाणी खाली फळीखालच्या कॅनांत. त्या कॅनांचंच वजन होडीला स्थिर ठेवतं. म्हणून एक कॅन पिऊन संपला की त्यात लगेच धरणाचं पाणी भरून तो परत जागेवर ठेवायचा. निळं झाकण पिण्याचं, लाल झाकण धरणाचं. पहिली चार वर्षं आम्ही नुसते हिवाळ्यात दोन-दोन महिने जाऊन राहायचो तेव्हा मला ही सगळी थेरं वाटायची. सामान आणायला आम्ही महिन्यातून एकदा काठावर यायचो, आणि तेवढ्यात आमचं भागायचं, हे मात्र खरं.

बाबांनी लाल झाकणाचं पाणी प्यायलं त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की काहीतरी बिनसलं आहे. तीन वर्षं झाली. मी कोणाला सांगितलं नव्हतं.

१९ तारखेचं तुला विवेकने सांगितलं असेलच. पहाटे माझा डोळा लागला, शिडी चुकून लावलेली राहिली, आणि बाबा उतरून धरणाखाली गेलेल्या त्यांच्या जुन्या गावाकडे गेले. जुन्या विहिरीजवळ गाळ आहे. त्याने वरून पापडी धरली होती, खाली ओलाच होता. कमरेपर्यंत रुतले. जंगू आणि त्याची बायको सखू यांनी बाज ढकलत नेली आणि तिच्यावर पालथं पडून त्यांना ओढून काढलं. आरोग्य केंद्रात सलाईन लावली, संध्याकाळी सोडलं. त्यांच्या मुठीत निळ्या फडक्याची शिदोरी होती, ती तिथल्या नर्सला सोडवता सोडवेना. विवेकने विचारलं, ही कोणी दिली. मी म्हटलं, त्यांनीच घेतली असेल, मी तर झोपले होते.

असं झालं. बाबा उठले, थांबते.

सोमवार, २ जून

काल लिहिलेलं आज वाचून पाहिलं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या तपासल्या, त्यामुळे कुठे उत्तर टाळलंय ते मला लगेच दिसतं.

तुला मी जे बोलले होते ते आधी लिहिते. मागच्या वर्षी बाबा तीनदा घरातून निघून गेले. एकदा वर्ध्याच्या स्टेशनवर सापडले, एकदा सावंगीच्याच चौकात, आणि तिसऱ्यांदा थेट केळझरच्या बसथांब्यावर. रात्रपाळी करून आलेली तू, तशीच गाडी काढून गेलीस आणि त्यांना मागे बसवून, ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधून घेऊन आलीस. दुसऱ्या दिवशी तू सुताराला बोलावून त्यांच्या खोलीला बाहेरून कडी बसवून घेतलीस. मी सासू होऊन चार बायकांसमोर म्हटलं, "माणूस आहे तो, ढोर नाही गोठ्यात कोंडायला. तुझा बाप असता तर लावली असती का कडी?" तुझा बाप त्याच वर्षी गेला होता. मला माहीत होतं, तरी बोलले. तू स्क्रूड्रायव्हर आणलास आणि कडी काढलीस. आठवड्याभरात मी त्यांना घेऊन होडीवर आले.

लोकांनी मला डोक्यावर घेतलं. नवऱ्याची हौस पुरवायला म्हातारी पाण्यावर जाऊन राहिली, असं सगळीकडे झालं. गेल्या महिन्यात बुद्धपौर्णिमेला विहारात माझा सत्कारसुद्धा केला, शाल दिली. मी खाली बघून शाल घेतली.

त्यांची हौस केव्हाच संपली होती, वर्षाली. त्यांना होडी कोणी बांधली तेही आठवत नव्हतं. मी त्यांना इथे आणलं कारण इथून चालत जाता येत नाही. तू दाराला कडी लावलीस, मी चारी बाजूंनी पाणी लावलं. तुझी कडी दिसत होती म्हणून तू वाईट ठरलीस.

पहिले काही महिने चांगले गेले, हेही खरं. डोकं विसरलं तरी हात विसरले नव्हते. सकाळी उठून शीड सोडायचे, वारा कुठला ते गालाने ओळखायचे, सुकाणूवर हात ठेवला की तासभर शांत. पडवी नाही, रस्ता नाही, त्यामुळे चुकण्यासारखं काही नव्हतंच. मला वाटलं आपण जिंकलो. मग हातही विसरायला लागले. डिसेंबरपासून शीड मीच उभारते, नांगर मीच टाकते, लाल-निळी झाकणं मीच बघते, आणि त्यांच्या कमरेला दोर बांधून तो माझ्या मनगटाला गुंडाळून झोपते. ते कुशीवर वळले तरी मी जागी होते.

विवेक दर महिन्याला सामान घेऊन काठावर येतो. मी त्यांना स्वच्छ धोतर नेसवून सुकाणूवर बसवते. लांबून छान दिसतं.

आता होडी कुठे टेकवली त्याविषयी. पाणी उतरायच्या आधी जागा ठरवावी लागते. फेब्रुवारीपासूनच मी बांबूने तळ चाचपत होते. होडी जिथे उभी असेल तिथेच ती मे महिन्यात बसते, मग पाणी येईपर्यंत हलत नाही. बाबांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं आहे: 'उन्हाळ्यात टेकाडाजवळ.' टेकाडाच्या भोवती जुन्या नाल्याचं खोल पाणी मेमध्येही राहतं. तिथे होडी टेकली तरी चहूकडून पाणीच. दुसरी जागा म्हणजे जुन्या सालईखेड्याची शाळेसमोरची मोकळी जागा. जमीन घट्ट, सपाट. पण तिथलं पाणी पूर्ण जातं, घरांची जोती उघडी पडतात, आणि तिथून थेट डांबरी रस्त्यापर्यंत पायी जाता येतं.

मी शाळेसमोर टेकवली.

जंगू आला होता सांगायला. "बाई, इथं काऊन? मास्तर तं टेकाडापाशी लावत होते." मी म्हटलं, तिथे तळाला दगड आहेत, पाती मोडतील. दगड नाहीत तिथे. मला वल्हं मारायचा कंटाळा आला होता. मला हापशीपर्यंत पायी जायचं होतं, सखूच्या दारात दहा मिनिटं बसायचं होतं, कोणाशी तरी पूर्ण वाक्यात बोलायचं होतं. पाणी उतरल्यावर बाबांना जायला वाट मोकळी होईल हे मला सुचलं नाही, असं मी विवेकला सांगितलं.

सुचलं होतं. मी शिडी वर ओढून ठेवत जाईन, असं ठरवलं होतं. तीन दिवस ठेवलीही.

सखू मागच्या बुधवारी आली. आरोग्य केंद्रात बाबांना झोप लागल्यावर मुठीतून सुटलेली शिदोरी तिच्याकडेच राहिली होती. निळं फडकं, तसंच बांधलेलं. ती माझ्यासमोर पायऱ्यांशी बसली आणि फडकं मध्ये ठेवलं.

"बाई, सोडली नाई मी गाठ," ती म्हणाली. "भाकर वाळून गेली आतमंदी."

"बरं केलंस."

"मास्तरले गाठ येत नाई आता. तुमीच सांगतलं होतं मले, नाडीबी तुमीच बांधून देता मनून."

मी फडकं माझ्याकडे ओढलं.

"हे गाठ तुमची हाय."

मी बाबांकडे बघत होते. ते फळीतल्या रिकाम्या खाचेत बोट घालून बसले होते. सखूने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी कोनाले सांगत नाई. जंगूलेबी नाई सांगतलं. पन तुमी थकल्या बाई. माणूस थकला का कोनाले तरी सांगाव लागते, नाई तं ते थकवा भलतंच काई करवते."

ती गेल्यावर मी गाठ सोडली आणि भाकरी कुस्करून मासळ्यांना टाकायला डबक्याशी गेले. फडकं धुतलं. ते आता वाळत आहे, मला इथून दिसतं.

मंगळवार, ३ जून, सकाळ

सखू उद्या तपासणीसाठी सावंगीला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देईन. म्हणजे आज पुरं करावंच लागेल. बाबा जेवून झोपले आहेत. दोर माझ्या पायाला आहे.

त्या दिवशी मी झोपले नव्हते. साडेसहा वाजले होते. रात्रभरात ते पाच वेळा उठले होते, दोनदा अंथरूण बदललं होतं. मी चूल पेटवून चहा केला, त्यांना पाजला, माझा पेला घेऊन बसले. ते आत गेले आणि शर्ट घालून आले. गुंड्या चुकल्या होत्या. माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "डबा."

रोज म्हणतात. रोज मी म्हणते, आज सुट्टी आहे. मग ते खाली बसतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा उठतात. मार्चपासून मोजलं तर हजार वेळा म्हटलं असेल मी ते.

त्या दिवशी मी सुट्टी म्हटलं नाही. कालच्या दोन भाकरी आणि एक कांदा निळ्या फडक्यात घातला, गाठ मारली, त्यांच्या हातात दिला. गुंड्या सोडून नीट लावल्या. मग शिडी उचलली आणि बाहेरून लावली. ती चुकून राहिली नव्हती. मी लावली. ते एक एक पायरी बघत उतरले. खाली पाय टेकल्यावर मागे वळून मला म्हणाले, "येतो वं." किती महिन्यांनी त्यांच्या तोंडून पूर्ण बोलणं ऐकलं. मी म्हटलं, "या."

ते त्यांच्या बुडालेल्या जुन्या घराच्या बाजूला चालू लागले. पाठ ताठ होती. ड्यूटीवर जायचे तेव्हा जायचे तसेच, डावा हात जरा लांब धरून. मी ते शाळेच्या जोत्यामागे जाईपर्यंत पाहिलं. मग चहा प्यायले. गरम होता अजून.

पुढचं मी दोनदा लिहून खोडलं आहे, वर खाडाखोड दिसेल. मला बरं वाटलं. इतकं बरं कधी वाटलं होतं ते आठवेना. मी निळ्या झाकणाचा एक आख्खा कॅन बादलीत ओतला. पिण्याचं पाणी, जे आम्ही घोट मोजून वापरतो. आणि केस धुतले. महिन्याभरात धुतले नव्हते, कारण डोळे मिटून पाणी घ्यायचं तर त्यांच्यावर कोण नजर ठेवणार. दोनदा शिकेकाई लावली. मग टपावर जाऊन, पालकाच्या कॅनाशेजारी, केस पसरून बसले. ऊन चढत होतं तरी मला चांगलं वाटत होतं. मी गुणगुणले सुद्धा असेन.

त्यांनी मरावं असं माझ्या मनात होतं का? पंधरा दिवस मी स्वतःला हेच विचारते आहे आणि मला खरं उत्तर सापडत नाही. हो म्हटलं तर तेही पूर्ण खरं नाही. एवढंच छातीवर हात ठेवून सांगू शकते की केस वाळेपर्यंत मला त्यांची आठवण झाली नाही. लक्षात होतं की ते उतरले आहेत, पण ते कोणा दुसऱ्याच्या घरचं माणूस असावं तसं होतं.

नऊ वाजता जंगूची हाक आली. "बाई, मास्तर गाऱ्यात हायेत, धावजा लवकर." मी धावले. तोपर्यंत त्यांनी बाज टाकली होती. बाबा कमरेपर्यंत गाळात, ऊन डोक्यावर, ओठ फुटलेले, आणि शिदोरी दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेली, भिजू नये म्हणून. ते ओरडत नव्हते. हळू आवाजात "बा, ओ बा" करून त्यांच्या वडिलांना हाक मारत होते. मला पाहिलं आणि ओळखलं. इतक्या महिन्यांत कधी नाही ते नाव घेऊन म्हणाले, "वच्छला, डबा नाई भिजला."

मी अजून ते ऐकते आहे.

जंगूने माझे केस पाहिले असणार. मोकळे, धुतलेले.

आता हे तुलाच का लिहिते ते सांगते. विवेकला सांगितलं तर तो लगेच माफ करील. आई थकली होती, म्हणेल, आणि मला मिठी मारून रडेल, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सामान घेऊन काठावर येईल. तो त्याच्या बापासारखा मऊ आहे. तू लगेच माफ करणार नाहीस. तुझा राग मला चालेल, पण तू रागात असलीस तरी कामाला चुकत नाहीस, हे मी केळझरच्या दिवशी पाहिलं आहे. त्या दिवशीच कबूल करायला हवं होतं, उलट मी तुला बोलले. तेव्हा तुझं बरोबर होतं. मी वयाने मोठी आहे म्हणून हे वाक्य लिहायला दहा महिने लागले.

या रविवारी ये आणि त्यांना घेऊन जा.

मोठी गाडी आण, मागची सीट मोकळी ठेव. डांबरी रस्त्यापासून होडीपर्यंत पायवाट आहे, जंगू दाखवील. त्यांना दवाखाना किंवा घर म्हणू नकोस, घाबरतात. ड्यूटीला चला म्हण, लगेच उठतील. रात्री चार-पाच वेळा उठतात. खाण्यात मासळी दे पण काटा काढून. नाडीऐवजी इलॅस्टिकचे पायजमे शिव. आणि त्यांच्या खोलीला पुन्हा कडी लावायची असेल तर लाव. मी आता काही बोलणार नाही, कोणी बोललं तर त्याला मी उत्तर देईन.

मला त्यांच्यासोबत लगेच नेऊ नकोस. मी आठ दिवस सखूच्या घरी राहणार आहे आणि झोपणार आहे. मनगटाला काही न बांधता. त्यानंतर मी येईन, आणि तू म्हणशील ते काम करीन. त्यांच्याजवळ मला एकटीला ठेवायचं की नाही ते तू ठरव. मला विचारलंस तर ठेवू नकोस.

होडीची काळजी नाही. जुलैत पाणी येईल तेव्हा ती आपोआप उठेल. जंगूला नांगराचा दोर सोडायला सांगितलं आहे, त्याला हवी तर तो वापरेल. ती चांगली बांधलेली आहे. माणसाला जे जे लागतं ते सगळं त्यांनी तिच्यात बसवलं होतं, पाणी, विस्तव, उजेड, भाजी. फक्त दुसरं माणूस थकलं तर काय करायचं त्याची सोय कुठल्याच नकाशात केली नव्हती, कारण तेव्हा आम्ही दोघं होतो.

उठले वाटतं. दोर ओढला गेला.

हो, उठले. शर्ट शोधत आहेत. आत्ता मला विचारतील, आणि मी सुट्टी म्हणेन. आज म्हणेन. उद्याही बहुतेक म्हणेन. रविवारपर्यंत पाच सकाळी आहेत, आणि त्यातल्या प्रत्येक सकाळी मी तेच म्हणेन असं मी तुला वचन देऊ शकत नाही. म्हणून सखूला सांगितलं आहे, पहाटेच माझ्याजवळ येऊन बस. ती येते म्हणाली, उद्या सावंगीला निघायच्या आधीही.

हे पत्र विवेकला दाखवायचं की नाही ते तुझ्यावर सोडते.

निघण्याआधी मला फोन करू नकोस. फोन केलास तर मी नेहमीसारखं सांगेन की आम्ही दोघं मजेत आहोत, वारा छान आहे, यायची घाई नाही. माझा आवाज ऐकून तू विश्वास ठेवशील. फोन न करता ये.

वाट बघते आहे.

वच्छला